वर गेलेली रेघ

१

छत्तीस चित्रांची पट्टी डार्करूमच्या दोरीला लटकत होती आणि तिच्यात एका माणसाच्या मरणाचं कारण असायला हवं होतं. ते नव्हतं. भट्टीचं तोंड तेवढं काळ्या डागासारखं उमटलं होतं, कारण निगेटिव्हमध्ये उजेड काळा दिसतो. बाकी पट्टी पातळ, मधूनमधून ओघळ आल्यासारखी. छताखालचा काळोखा भाग, जिथे क्रेनचा आकडा दिसायचा, तिथे नुसती काचेसारखी कोरी फिल्म.

मास्तरीणबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पट्टी डोळ्यांपाशी नेली. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, तरी थोरला भाऊ त्यांना अजून छकुलीच म्हणायचा. आज मात्र त्याने हाकही मारली नव्हती. दादा स्टुलावर बसून होता, दहाही बोटांना मलमपट्ट्या, नजर फरशीवर. गावात चाळीस वर्षं ज्याच्या हाताखालून फिल्म गेली तो माणूस.

"ताई, तूच समजाव त्याला," धाकटा भाऊ दारातून म्हणाला. पुढचं दुकान तो सांभाळायचा, मागची डार्करूम दादाची. "बाटल्यांची अदलाबदल झाली त्याच्याकडून. वय झालं. त्यात लाजायचं काय?"

गोष्ट अशी होती. सोमवारी सकाळी दादा ओतकामाच्या कारखान्यात गेला होता, त्यांच्या माहितीपत्रकासाठी नव्या भट्टीची चित्रं काढायला. दुपारी तीन वाजता त्याच भट्टीसमोर वितळलेल्या लोखंडाची बादली क्रेनच्या आकड्यातून सुटली आणि खालचा ओतारी गेला. आकड्याला खिटी असली तर बादली सुटत नाही. कारखाना म्हणत होता, खिटी होतीच, घाईपोटी ओताऱ्यानेच ती काढली. दादा म्हणत होता, सकाळी मी कॅमेऱ्यातून तो आकडा पाहिला, खिटी नव्हती. शुक्रवारी कामगार खात्याचे साहेब चौकशीला बसणार होते. आज बुधवार.

"फिल्म गेली तर गेली," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दादाने डोळ्यांनी पाहिलंय ना?"

"डोळ्यांचं कोण ऐकतंय? मॅनेजर म्हणतात, ज्याला स्वतःच्या बाटल्या ओळखता येत नाहीत त्याला काळोखातला आकडा काय ओळखता येणार! आणि हे बघ." धाकट्याने फळीवरची उंच, चिंचोळी बाटली उचलली. तिच्यावर 'अ' लिहिलं होतं आणि कागदाची उभी पट्टी चिकटवलेली होती. पट्टीवर पेन्सिलीच्या रेघा, प्रत्येकीशेजारी तारीख आणि वेळ, पायऱ्या उतरत जाव्यात तशा खाली खाली. शेवटची रेघ मात्र आधीच्या रेघेच्या वर होती. "बाटलीतलं औषध कधी वाढतं का? साधी रेघ धड ओढता येईना. हेसुद्धा मी मॅनेजरसाहेबांना दाखवलं."

"दाखवलंस?"

"त्यांनी विचारलं म्हणून दाखवलं. त्यांचं काम आपल्याला मिळतं, ताई."

मास्तरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या फोटोसाठी ठेवलेल्या खुर्चीवर, ओताऱ्याची बायको कालपासून येऊन बसत होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. कोणी दारातून डोकावलं की ती एवढंच विचारायची, "आलं का चित्र?"

बाटली खिडकीपाशी नेऊन मास्तरीणबाईंनी ती रेघ नीट पाहिली. सोमवार, एक चाळीस. आकडे ठसठशीत, रेघ फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ.

"दादा, ही रेघ चुकून ओढलीस?"

दादाने मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत धग दिसली.

"छकुले, मी उभ्या आयुष्यात चुकून रेघ ओढलेली नाही."

मग काहीतरी आठवावं तसा तो एकदम मिटला. पुन्हा फरशीकडे बघत म्हणाला, "सोड. झाली असेल चूक."

२

स्वयंपाकघरात वहिनी चहा टाकत होती. दादाची बायको, पस्तीस वर्षं या घरात, आणि त्यातली तीस वर्षं डार्करूमची पुडकी तोलण्यात गेलेली. ओट्यावरच्या तराजूत सकाळी साखर आणि दुपारी रसायनं. तिच्याइतका नेमका हात मास्तरीणबाईंनी शाळेच्या प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता.

"वहिनी, मला दादाची ती दोन बाटल्यांची पद्धत सांगा. आम्ही शाळेत एकाच बाटलीचा डेव्हलपर केलेला."

"सोपं आहे, वन्सं. 'अ' मध्ये चित्र उमटवणारं औषध. 'ब' मध्ये नुसता खार. 'अ' एकटं काही करत नाही, 'ब' एकटा काही करत नाही. आधी फिल्म 'अ' मध्ये तीन मिनिटं. ती औषध पिऊन घेते. मग 'अ' परत बाटलीत ओतायचं आणि लगेच 'ब' घालायचा. फिल्मने जेवढं पोटात घेतलंय तेवढ्यावरच ती 'ब' मध्ये काम करते." वहिनीने चहा गाळला. "उजेडाच्या जागी औषध चटकन संपतं, म्हणून भट्टी जळून जात नाही. काळोखाच्या जागी ते हळूहळू पुरतं. म्हणून कोपऱ्यातलंसुद्धा दिसतं. भट्टी आणि अंधार एका चित्रात आणायचा तर हेच लागतं. हे म्हणतात, पहिल्या बाटलीत जेवायचं, दुसरीत राबायचं."

"आणि त्या रेघा?"

"दर फिल्म थोडं 'अ' पिते ना. काडीच्या जाडीइतकं खाली जातं. किती फिल्मी झाल्या ते त्यावरून कळतं. 'अ' बाटलीत परत ओतलं की 'ब' घालायच्या आधीच हे रेघ ओढतात. एका हाताने."

मास्तरीणबाईंनी चहाचा कप हातात घेतला. "बोटांना काय झालंय त्याच्या?"

वहिनीचा चेहरा बदलला. "ते औषधच बाधतं त्यांना. बोटं चिरतात, रक्त येतं, रात्रभर खाजवतात. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं, हे काम सोडा नाहीतर हात सोडा. हातमोजे घालत नाहीत, म्हणे मोज्यातून फिल्म कळत नाही. सोमवारी दुपारीसुद्धा मीच बळेबळे दवाखान्यात धाडलं. फिल्म टँकमध्ये भरून झाली होती, तरी निघायला तयार नव्हते. बारा ते दीड, दीड तास काय तो गेले." तिने पदराने डोळे पुसले. "सत्तरी आली, वन्सं. मी किती वर्षं मलम लावत बसू? या फिल्मचं जे झालं ते झालं, पण आता तरी सोडतील ना हो ते?"

मास्तरीणबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट अडकली होती. बारा ते दीड भरलेला टँक डार्करूमच्या टेबलावर एकटा पडून होता. आणि डार्करूमला कुलूप नव्हतं.

३

धाकटा पुढच्या दुकानामागच्या मोरीत आपल्या फिल्मी धूत असे. सांगायला हरकत नाही, तो दादाला पहिल्यापासून पाण्यात पाहायचा. दादाच्या नावावर गिऱ्हाईक यायचं आणि गल्ल्यावर मात्र हा बसायचा, तरी ते दुखणं गेलं नाही. डार्करूमची जागा त्याला नव्या कामांसाठी हवी होती. मास्तरीणबाईंना हे सगळं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आडवळण न घेता विचारलं.

"सोमवारी बारा ते दीड कुठे होतास?"

"इथेच. का? माझ्यावर संशय?"

"मॅनेजर कधी आला?"

"पाच वाजता. अपघातानंतर. फिल्म मागायला आला होता. दादाने दिली नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तेव्हा कळलं, फिल्म वाया गेलीय." धाकट्याने टँक उचलला. हा टँक म्हणजे झाकणाचा काळा डबा. आत फिल्म गुंडाळलेली, झाकण बंद असताना उजेड आत जात नाही, पण झाकणाच्या तोंडातून औषध ओतता येतं आणि ओतून काढताही येतं. धाकट्याने नळ सोडून टँक साध्या पाण्याने भरला.

"हे काय करतोयस?"

"आधी पाणी. फिल्म भिजली की डेव्हलपर सगळीकडे सारखा लागतो. मी नेहमीच करतो."

"दादाच्या फिल्मलाही चालेल का हे?"

"पाण्याने काय होतंय? फायदाच होईल. दादा करत नाही तो त्याचा हट्ट. मी एकदा म्हणालो, तर मला मारायला उठला." तो हसला. हसण्यात खोट नव्हती. त्याला कशाचा पत्ताच नव्हता.

मास्तरीणबाई मोरीच्या कट्ट्यावर टेकल्या. त्यांच्या मनात धाकट्याचं आणि मॅनेजरचं, अशी संशयाची दोन दारं एकाच वेळी बंद झाली. रेघेवर वेळ होती एक चाळीस. अपघात तीनचा. म्हणजे जे काही झालं ते ओतारी मरायच्या आधी झालं. त्या घडीला त्या फिल्ममध्ये एक भट्टी आणि एक छत होतं, आणखी काही नाही. मॅनेजरला ती बिघडवायचं कारण नव्हतं. कोणालाच नव्हतं.

मग माहितीपत्रकासाठी काढलेली एक साधी फिल्म कोणी का मारावी?

४

गुरुवारी सकाळी मास्तरीणबाईंनी डार्करूमचं दार आतून लावून घेतलं आणि दादाला म्हणाल्या, "जुन्या, खराब झालेल्या तीन फिल्मी काढ. आणि माझ्यासमोर काम कर."

"कशाला, छकुले?"

"मी मास्तरीण आहे. मला प्रयोग करून बघितल्याशिवाय झोप येत नाही."

दादाला हो म्हणायचं नव्हतं, हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. पण चाळीस वर्षांच्या हाताला समोर टँक ठेवला की तो गप्प बसत नाही.

पहिली फिल्म कोरडी. 'अ' घातलं, तीन मिनिटांनी परत ओतलं. बाटलीतली पातळी काडीभर खाली.

दुसरी फिल्म आधी साध्या पाण्यात भिजवायला लावली. दादाने पाणी ओतून काढलं आणि टँक उपडा करून टेबलाच्या कडेवर तीनदा आपटला. टक, टक, टक. तो चहाचा रिकामा कपसुद्धा असाच बशीवर तीनदा आपटायचा आणि वहिनी त्यावरून त्याची थट्टा करायची. मग 'अ'. परत ओतल्यावर पातळी जिथल्या तिथे. भिजलेल्या फिल्मचं पोट आधीच पाण्याने भरलेलं, ती औषध काय पिणार!

तिसऱ्या वेळी मास्तरीणबाईंनी टँक स्वतः घेतला, पाणी घातलं, ओतलं, आणि न आपटता तसाच दादाच्या हातात दिला. तळाशी राहिलेलं पाणी 'अ'मध्ये मिसळलं आणि बाटलीत परत गेलं. पातळी दोन काड्या वर चढली. सोमवारची रेघ जेवढी वर गेली होती तेवढीच.

"आता ऐक," त्या म्हणाल्या. वर्गात उभं राहिल्यासारखा त्यांचा आवाज कडक झाला होता. "सगळे म्हणतात तू बाटल्यांची अदलाबदल केलीस. आधी 'ब' घातला असतास तर त्याचा खार फिल्मबरोबर 'अ'मध्ये गेला असता आणि दोन दिवसांत 'अ'चा चहा झाला असता. ते अजून पाण्यासारखं स्वच्छ आहे. औषधच मेलं होतं म्हणावं, तर त्याच बाटलीतून सोमवारी सकाळी कारखान्यात जायच्या आधी धुतलेली फिल्म उत्तम आलीय. मग म्हणू, 'अ' आणि 'ब'च्या मध्ये तू पाण्याने धुतलंस. पण तसं असतं तर तोपर्यंत कोरड्या फिल्मने 'अ' पिऊन घेतलेलं असतं आणि रेघ नेहमीसारखी खाली गेली असती. रेघ वर गेली. म्हणजे 'अ' घालण्याआधीच टँकमध्ये पाणी होतं. आणि ते ओतणारा हात तुझा नव्हता. तुझा हात आपटल्याशिवाय राहत नाही."

दादा पट्ट्या गुंडाळलेली बोटं चोळत होता.

"तुझं डोकं जागेवर आहे, दादा. बाटलीच साक्ष देतेय. म्हणजे आकड्याबद्दल तू जे सांगतोस तेही जागेवर आहे. उद्या ओताऱ्याच्या बायकोला न्याय मिळतो. राहिलं एवढंच, की पाणी कोणी घातलं." त्यांनी टँकवर बोट ठेवलं. "धाकट्याने नाही. त्याच्या मते पाणी फिल्मला चांगलं असतं. परका माणूस असता तर त्याने झाकण उघडलं असतं आणि फिल्म काळी झाली असती. या फिल्मला पाणी म्हणजे विष, हे या घरात तुझ्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक आहे."

"छकुले," दादा हलकेच म्हणाला, "इथेच थांब."

"तुला माहीत होतं?"

"रेघ ओढतानाच कळलं."

५

वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. मास्तरीणबाई आत आल्या तेव्हा तिने वळूनही पाहिलं नाही.

"प्रयोग झाला का, वन्सं? टकटक ऐकू येत होती."

"वहिनी, का?"

तराजूचं पारडं तिने पुसून बाजूला ठेवलं. बराच वेळ पुसलं.

"घातलं मी पाणी. कप कप करून, झाकणाच्या तोंडातून. ओतून काढलं. ते आपटतात हे मला रोज दिसतं, पण त्या वेळी सगळं लक्ष दाराकडे होतं, सुचलंच नाही." तिचा आवाज सपाट होता. "तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं. उशीवर रक्ताचे डाग दिसतात. दुसऱ्या कशाने ते सोडणार नव्हते. कोणी सांगून नाही, डॉक्टरने नाही. म्हटलं, एकदा, फक्त एकदाच त्यांच्या हातून फिल्म बिघडली, की ते आपणहून सोडतील. अभिमानी माणूस आहे. भट्टीची चित्रं काय, परत काढता येतात. मला काय माहीत त्यात माणूस मेलाय!"

"तुम्ही पाणी घातलं तेव्हा तो मेला नव्हता, वहिनी. तेव्हा तो जेवत असेल."



मास्तरीणबाईंना तिची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही इतके एकमेकांत मिसळले की कुठलं काय ते कळेना. इतकी वर्षं या बाईने साखरेच्या दाण्याचाही अंदाज चुकू दिला नव्हता. आणि प्रेमापोटी केलं ते असं, की ज्याच्यासाठी केलं त्याच्याच चाळीस वर्षांवर पाणी फिरवलं, आणि एका परक्या बाईच्या आशेवरही.

"उद्या साहेबांसमोर सांगा," त्या म्हणाल्या. "दुसरा मार्ग नाही. तुम्ही सांगितलंत तर दादा शहाणा ठरतो. दादा शहाणा ठरला तर त्याने पाहिलेलं खरं ठरतं."

"सांगते," वहिनी म्हणाली. "आजच सांगते म्हणाल तर आज."

"नाही सांगायचं." दादा दारात उभा होता. "पुरावा नष्ट केला म्हणून धरतील तिला. कारखान्याने पैसे चारले म्हणतील. मी जिवंत असताना हिला पोलिसांच्या दारात उभी करू?"

"आणि ती पुढे खुर्चीवर बसलीय ती?" मास्तरीणबाईंचा आवाज चढला. "तिच्या नवऱ्याने स्वतःच स्वतःला मारलं असं कागदावर लिहिलं जाणार आहे, दादा! तिच्या पोरांनी उद्या तेच वाचायचं का?"

दादा पाठ फिरवून डार्करूमकडे निघून गेला.

६

चौकशी कारखान्याच्याच कचेरीत होती. लांब टेबल, पंखा, भिंतीवर सुरक्षेची पाटी. कामगार खात्याचे साहेब वाईट नव्हते. थकलेले होते, आणि त्यांच्यापुढे अशा सात फायली होत्या. एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला ओताऱ्याची बायको, मधल्या खुर्च्यांवर हे कुटुंब.

मास्तरीणबाईंनी बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. रेघा, काड्या, कोरडी फिल्म, ओली फिल्म. साहेब मन लावून ऐकत होते, मध्ये दोनदा त्यांनी लिहूनही घेतलं. मॅनेजरच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. वीस मिनिटं असं वाटलं की हे जमणार.

"औषधाची पातळी तर प्रयोगात बदललीच, म्हणजे सगळं या एका रेघेवर आहे," साहेब म्हणाले. "बाई, तुमचं गणित पटतंय. फक्त ही रेघ यांनी पातळी बघूनच ओढली, हे यांच्याच तोंडून ऐकायला हवं." ते दादाकडे वळले. "आजोबा, बाटलीतलं औषध खरंच इतकं वर होतं? बघून ओढलीत ना?"

दादाने बाटलीकडे पाहिलं. मग बायकोकडे. पट्ट्या बांधलेले हात त्याने टेबलाखाली घेतले.

"काय सांगू साहेब," तो म्हणाला. "हात थरथरतात हो हल्ली. कुठेतरी ओढली गेली असेल. मला आठवत नाही."

मास्तरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. दादाचा हात कधी थरथरलेला त्यांनी पाहिला नव्हता. सत्तर वर्षांत हे त्याचं पहिलं धडधडीत खोटं, आणि किती सफाईने बोलला!

"आणि तो आकडा? खिटी होती की नव्हती?"

"नव्हती असं वाटलं होतं. आता... आता खात्री नाही देता यायची."

मॅनेजरने पाण्याचा ग्लास उचलला. तेवढ्यात वहिनी उठून उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

"खोटं बोलतायत हे! मला वाचवायला बोलतायत. पाणी मी घातलं. ह्यांनी हे काम सोडावं म्हणून मी घातलं. ह्यांचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा शाबूत आहे, साहेब. ह्यांनी पाहिलं तेच खरं. मला धरा, काय करायचं ते करा, पण ह्यांनी पाहिलेलं लिहून घ्या!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, दया होती, आणि तीच मास्तरीणबाईंना सहन झाली नाही.

"बसा, आजी. पाणी प्या." साहेबांचा आवाज मऊ झाला. "माझी आईही अशीच होती. वडिलांना विसर पडायला लागला तेव्हा प्रत्येक चूक स्वतःच्या अंगावर घ्यायची. कोणासमोर त्यांची मान खाली जाऊ नये म्हणून." त्यांनी फाईल ओढली. "हे मी नोंदवत नाही. नोंदवलं तर तुमच्यावरच शेकेल."

"साहेब, नोंदवा!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "वहिनी खरं बोलतायत. मी सिद्ध करून दाखवते, इथे, आत्ता..."

"बाई, तुम्ही बहीण आहात. तुमचंही चुकत नाही." आणि त्यांनी लिहायला सुरुवात केली. साक्षीदार वृद्ध, स्मरणशक्ती क्षीण, साक्ष विश्वसनीय नाही. धाकट्याने खाली बघत घड्याळाची किल्ली फिरवली. दादा तसाच बसून होता, बायको वाचली म्हणून सुटलेला, आणि त्याच कारणाने संपलेला.

बाहेर फाटकापाशी सगळे पांगले. दादाला घेऊन धाकटा पुढे गेला. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. मास्तरीणबाई तिच्याशेजारी थांबल्या, पण तिला हात लावावा की नाही ते त्यांना ठरवता येईना.

ओताऱ्याची बायको रस्ता ओलांडून परत आली. चार दिवसांत पहिल्यांदाच ती चित्राबद्दल काही विचारत नव्हती. तिने वहिनीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"आजी, मनाला लावून घेऊ नका. माझ्यापायी तुम्हाला चारचौघांत खोटं बोलावं लागलं. नवऱ्यासाठी एवढं करणारी बाई मी नाही पाहिली."

वहिनीचे ओठ हलले. "खोटं नव्हतं ते. पोरी, ऐक माझं. मी खोटं नव्हते बोलत."

"बरं, बरं," ओताऱ्याची बायको म्हणाली आणि लहान मुलाची समजूत काढावी तसं वहिनीच्या हातांवर थोपटलं. "असू द्या हो. माझा जिवंत असता तर मीही बोलले असते." मग बस आली, आणि ती पदर सावरत बसकडे धावली.